रेस बसेना : तुर्भे ते कळंबोली, चार दिवस

आमच्या आळीतल्या बायकांचा समज आहे की मी मुंबई बघून आले. समुद्र कसा होता, सिनेमातलं कुणी दिसलं का, असं विचारतात. मी बघितली ती नवी मुंबई, आणि तीही ट्रकच्या थरथरणाऱ्या काचेतून. समुद्राच्या नावानं एकदा लांबून खाडीचा चिखल दिसला, तेवढाच. तरी सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी इतक्या लांब ट्रकनं जाणार नाही. जाऊही नका, पाठीचं पार भरीत होतं.

आधी ट्रकचं सांगायला हवं. आमचा ट्रक सहाचाकी, वीस वर्षांचा. आमचे हे स्वतः चालवतात, कोरेगाव भागातलं आलं वाशीच्या मार्केटला पोहोचवतात. आठ महिन्यांपूर्वी त्या ट्रकला एक खोड लागली. घरून निघताना अगदी गरीब गाय. तास-दीड तास चालला आणि कुठं सिग्नलला उभा केला, की अंगात आल्यासारखा हलायचा. ड्रायव्हर लोक म्हणतात, रेस बसत नाही. गाडी उभी असताना इंजिनानं एका लयीत संथ धडधड करायची असते, ती करत नाही. आवाज चढतो, पडतो, परत चढतो आणि कधी मध्येच मान टाकतो. कोरेगावात दाखवून झालं, साताऱ्यात दाखवून झालं. नोझल साफ केले, पंप उतरवला, फिल्टर बदलले, इंजिनाखालची रबरं बदलली. दर वेळी गॅरेजातून निघताना बरं आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. रोग रेड्याला अन् औषध पखालीला.

शेवटी ह्यांनी ठरवून टाकलं. एक शेवटची खेप करायची, शुक्रवारी कळंबोलीच्या एका भंगारवाल्याला ट्रक द्यायचा आणि एसटीनं घरी यायचं. ह्यांचं वय अठ्ठावन्न, अंगात साखर. दुसरा ट्रक घेणार नाहीत आणि दुसऱ्याच्या गाडीवर बसणार नाहीत. म्हणजे ट्रक गेला की हे घरी. मला धास्ती होती ती त्याचीच. थोरले दीर नोकरीतून मोकळे होऊन ओट्यावर बसले ते दोन वर्षांत वाळून गेले. धडधाकट माणूस, पण सकाळी उठून जायला कुठं नाही म्हटल्यावर संपला. मला ते दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं.

"मी पण येणार," मी म्हटलं.

"तू काय करनार यिऊन?"

"शंकरकडं जाऊन कैक वर्षं झाली." शंकर म्हणजे माझा धाकटा भाऊ, मार्केटला माथाडी कामगार आहे, सानपाड्याला राहतो. खरं कारण वेगळं होतं. मला ह्यांचं मन वळवायला चार दिवस हवे होते, आणि घरात हे चार मिनिटं एका जागी सापडत नाहीत.

मंगळवार, तुर्भे

सोमवारी संध्याकाळी निघून उजाडता उजाडता तुर्भ्याच्या मार्केटला लागलो. वाशीचं मार्केट म्हणतात ते हेच. मधल्या रस्त्याचं सांगत बसत नाही. घाटात ट्रकचा जीव जात होता आणि त्याच्याबरोबर माझा, एवढं पुरे.

मार्केटच्या गेटवर ट्रकांची ही लांब रांग. आमच्या पुढं कांदे, मागं बटाटे. हळूहळू सरकत होतो, तेवढ्यात समोर ठेवलेली पाण्याची बाटली टकटक वाजायला लागली. मग दरवाजा वाजायला लागला. मग माझे दात. इंजिन एकदा ओरडायचं, एकदा कुजबुजायचं. हे पायानं सारखे त्याला गोंजारत होते, पण ऐन गेटच्या तोंडात ट्रकनं मान टाकली. मागून जे हॉर्न सुरू झाले ते ऐकून मला वाटलं उतरून पळत सुटावं. आमच्याकडं कुणाची गाडी चिखलात रुतली तर आधी चार माणसं खांदा लावतात आणि मग शिव्या देतात. इथं आधी शिव्या.

ह्यांनी उतरून टाकीचं कुलूप काढलं, झाकण उघडलं, काडी बुडवून डिझेल बघितलं. होतं. झाकण लावून बॉनेट उघडलं, इंजिनाजवळचा डिझेल वर ओढायचा छोटा हातपंप मारला, किल्ली फिरवली आणि ट्रक असा सुरू झाला की जसं काही झालंच नाही. तोवर डोक्याला टॉवेल गुंडाळलेले चार हमाल ढकलायला आले होते. त्यातला एक शंकर. सगळे आमच्याच बाजूचे निघाले, त्यामुळं शिव्यासुद्धा ओळखीच्या होत्या.

"दाजी, किती दिवस चालायचं असं?" शंकरनं विचारलं.

"शुक्रवारपातूर," हे म्हणाले आणि गाडी आत घेतली.

आल्याची पोती उतरेपर्यंत मी एका रिकाम्या क्रेटवर बसून होते. सगळीकडं आल्याचा, ओल्या गोणपाटाचा वास. शंकरचं वय पन्नास, पण पाठीवर पोतं घेतलं की अजून पळतो. नंतर त्यानं आम्हाला उसळ-पाव खाऊ घातला. इथं सगळं पावाशीच. भाकरी मागितली तर कुणी हसत नाही, पण कुणी देतही नाही.

मन वळवायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात शंकरच म्हणाला, "दाजी, सानपाड्याला आमच्या वळखीचा दामू मेस्तरी हाय. इथलाच आगरी माणूस. जुन्या इंजनाची नाडी बगतो. एक डाव दाखवा."

"दाखीवलं की रं लई जनास्नी."

"अहो, दाखवायला काय जातंय? शुक्रवार अजून लांब आहे," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. माझा डाव कळला असावा. "दोन दिवस," ते म्हणाले. "शुक्रवारी कळंबोली. म्या शबुद दिलाय."

बुधवार, सानपाडा

शंकरचं घर चौथ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. भावजय सुनंदा आमच्याच तालुक्यातली, पण बावीस वर्षांत तिची भाषा पार बदलली. "वन्सं, टेन्शन नका घेऊ. जास्तीत जास्त काय होईल, ट्रक जाईल!" मी मनात म्हटलं, बाई, तुला काय सांगू काय जाईल. सोसायटीच्या रस्त्यावर ट्रक लावायचा नाही, नोटीस आहे, म्हणून हे रात्री ट्रकपाशीच लांब झोपायला गेले होते. मी पहाटे उठून खिडकीत उभी. खाली ओळीनं चारचाक्या, एकीलासुद्धा धूळ नाही. गावाकडं उठल्यावर मी आधी अंगणात जाते. इथं अंगण नाही म्हटल्यावर मी त्या खोलीत सात पावलं जायची आणि सात पावलं यायची, असं करत चहाची वाट बघितली.

दामू मेस्तरी साठीचा, काळा, ठेंगणा, कानात सोन्याची बाळी. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. ती उभी आहे तिथं त्याच्या बापाचं मिठागर होतं म्हणे.

"बोला, काय व्हतंय तुमचे गारीला?"

ह्यांनी सगळा इतिहास सांगितला. दामूनं आधी टाकी उघडून डिझेल बघितलं, वास घेतला, बोटावर घासून बघितलं. मग इंजिन सुरू करायला लावलं. आणि काय सांगू, आमचा ट्रक असा शहाण्यासारखा धडधडत राहिला की मला लाज वाटली. आजारी लेकराला दवाखान्यात न्यावं आणि त्यानं तिथं खिदळत बसावं, तशी गत.

तरी दामूनं परीक्षा घेतली. इंजिनाला सहा सिलिंडर. प्रत्येकाला डिझेल नेणारी एक बारीक नळी. तो एकेका नळीचं नट ढिलं करायचा आणि कान द्यायचा. नळी ढिली केली की आवाज लंगडा व्हायचा, आवळली की सुधारायचा. ज्या नळीनं आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आळशी, असं गणित. सहाही झाल्यावर तो हात पुसत म्हणाला, "शालेन हजेरी घेतल्यासारखी घेतली. सगली पोरा हजर हान. इंजान चांगला हाय तुमचा."

"मंग हलतंय कशानं?" हे म्हणाले.

"हललं की सांगतू. ताप आल्याबिगर वैद काय करनार? उद्या रस्त्याला काढू."

म्हणजे अख्खा दिवस वाया. सुनंदा म्हणाली, चला, सीवूड्सचा मॉल दाखवते. गेलो. स्टेशनाच्या डोक्यावरच तो मॉल. आत गार हवा, लख्ख फरशी, आणि आपोआप वर जाणारा जिना. मी पहिलं पाऊल ठेवलं आणि दुसरं ठेवायचं विसरले. चप्पल खाली, मी वर. खालच्या एका मुलीनं ती चप्पल पुढच्या पायरीवर ठेवून दिली, आणि माझी चप्पल एकटी जिन्यानं वर आली. सुनंदा हसून हसून कठड्याला टेकली. एरवी मीही हसले असते.

वर काचेच्या दुकानांमधून आम्ही तासभर फिरलो. बाया काही न घेता नुसत्या फिरतात, बसतात, पुन्हा फिरतात. आमच्या बाजारात कुणी असं तीनदा नुसतं फिरून गेलं तर चौथ्यांदा दुकानदार विचारतो, काय हरवलं का? मला मात्र सगळीकडं इंजिनंच ऐकू येत होती. आइसक्रीमवाल्याचं यंत्र जरा अडखळलं तरी मी मान वळवून बघायची. चार वाजता मीच म्हटलं, चल बाई, घरी जाऊ.

गुरुवार, ऐरोली

सकाळी दामू केबिनमध्ये आमच्या दोघांच्या मध्ये बसला. ठाणे-बेलापूर रस्त्यानं निघालो, कोपरखैरणे, घणसोली करत. दर सिग्नलला तिघांचे कान इंजिनाला. काही नाही. रबाळे गेलं, काही नाही. दामूला घाम फुटला, ह्यांचा चेहरा दगडासारखा, आणि मी ट्रकला मनातल्या मनात म्हणत होते, बिघड रे बाबा एकदाचा.

ऐरोलीला त्या मोठ्या मोठ्या काचेच्या कंपन्या आहेत तिथल्या सिग्नलला ट्रक बिघडला. बाटली वाजली, दार वाजलं.

"आला! आला!" दामू ओरडला. बिघाडाचं इतकं स्वागत मी कधी बघितलं नव्हतं. गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी रस्ता ओलांडता ओलांडता थांबून बघायला लागली. दामू उडी मारून खाली, बॉनेट वर. त्यानं हातपंप मारून बघितला आणि मला जवळ बोलावलं, जणू मीच मालक. "बघा ताई. पंप जड येतंय. टाकीतशी डिझेल वर यायला मागत नाय. इंजान आजारी नाय, यो उपाशी हाय."

उपाशी! आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी धडाचं काही बोललं होतं. ह्यांनी कुलूप काढलं, दामूनं झाकण उघडलं, आतली नळी सोडवली आणि तोंड लावून जोरात फुंकली. डिझेलची चूळ भरली, थुंकला, पुन्हा फुंकली. सगळं जोडून सुरू केलं तर ट्रक एकदम संथ. दहा मिनिटं तसाच उभा ठेवला, तरी संथ. बाटलीतलं पाणी हलेना.

"कचरा व्हता नलीन. गेला," दामू म्हणाला. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

परतीला त्यानं आम्हाला जेवायलाच घरी नेलं. पाच मजली इमारत, सगळी त्याचीच, वर भाडेकरू, आणि तळमजल्याला त्याची बायको चुलीपुढं बसल्यासारखी खाली बैठक मांडून तांदळाच्या भाकरी थापत होती. पाण्याच्या हातानं, नुसत्या तळव्यावर. आपल्या ज्वारीच्या भाकरीपुढं ती अगदी पांढरीफेक, मऊ. बरोबर सुकटाची चटणी. ह्यांनी चार भाकरी खाल्ल्या. साखरेची आठवण मी करून दिली नाही. जेवता जेवता हे म्हणाले, "परतीचं भाडं बगू का मंग?" मी मान खाली घालून भाकरी चावत राहिले, कारण वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं दिसलं असतं.

दुपारी दामूला गॅरेजवर सोडलं आणि परतीच्या मालाची चौकशी करायला आम्ही दोघं निघालो. पावणे भागातल्या दोन-चार गोडाऊनला फिरलो, पुन्हा तुर्भे, पुन्हा मागं. साडेपाचला सानपाड्याच्या सिग्नलला उभे होतो आणि समोरची बाटली वाजली.

सिग्नल हिरवा झाला, हॉर्न वाजले, ट्रक गचके खात पुढं गेला. पुलाखाली एका कडेला घेऊन ह्यांनी चावी बंद केली.

"दामूला फोन करते," मी म्हटलं.

"नगं."

"अहो, तो म्हणाला ना उपाशी आहे—"

"नगं म्हनलं न्हवं!" केबिनमध्ये ह्यांचा आवाज फार मोठा वाटला. मग त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि तळवा माझ्याकडं केला. "हितं टाचनी टोच."

"काय बोलताय?"

"टोच. कळनार न्हाई मला. वरीस झालं, पाय बधीर हाय. आदी इंजनाला काय झालं तर पयलं ह्या तळव्याला कळायचं. नोझल का पंप का आणि काय, मेस्तरीला मी सांगायचो. आता न्हाई कळत. गाडी काय सांगती ती मला ऐकायलाच येत न्हाई. मंग कशाला बसायचं हितं? गाडीचं वय न्हाई झालं. माझं झालं."

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. हा माणूस पायाला चटका बसला तरी सांगत नाही, आणि वर्षभर ही गोष्ट एकटा घेऊन बसला होता. मला त्यांचा राग आला, दया आली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. भंगारात नुसता ट्रक जाणार नव्हता.

शुक्रवार, कळंबोली

सानपाड्याहून कळंबोली म्हणजे फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना आणि सरू नये असंही वाटत होतं. पोहोचेपर्यंत ट्रक थरथरायला लागलाच होता. लोखंडाच्या बाजाराच्या मागच्या बाजूला भंगारवाल्याचं आवार. एका बाजूला नुसती दारं, एका बाजूला नुसत्या केबिनी, डोळे काढल्यासारख्या. शेठ चांगला माणूस निघाला, त्यानं मला खुर्ची दिली, पण मला बसवेना.

"चालू ठेवा काका. इंजिन ऐकतो जरा," तो म्हणाला आणि हातोडीनं खालचे गज ठोकत फिरायला लागला. हे वर बसून पायानं रेस सांभाळत होते, समोर बघत. ट्रक चढत होता, पडत होता.

आता एक गोष्ट सांगते, जी आधी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं. दर खेपेला ट्रक निघताना मी त्याला हळदकुंकू लावते. सासूबाई बैलांच्या कपाळाला लावायच्या. ट्रकला कपाळ कुठलं? त्या म्हणाल्या होत्या, जिथं तो जेवतो तिथं लाव. म्हणून मी डिझेलच्या टाकीच्या झाकणावर लावते, तेलात कालवून, म्हणजे टिकतं. तुम्हीसुद्धा कुठंकुठं लावत असालच.

तर मी पिशवीतून करंडा काढला आणि टाकीपाशी गेले. लेकीला वाटेला लावताना जुनी टिकली काढून नवी लावतो ना, तसं मला जुनं खरवडून ताजं लावायचं होतं, शेवटचं. झाकणाच्या मधोमध जुन्या कुंकवाची पापडी होती, धूळ आणि डिझेल खाऊन लाखेसारखी कडक झालेली. नखानं निघेना. अंबाड्यातला आकडा काढला आणि टोकानं उकरायला लागले. पापडीचा एक तुकडा उडाला आणि खालून शिट्टी वाजली.

बारीक, लांब शिट्टी. मी दचकून हात मागं घेतला. झाकणात एक बारीक भोक होतं आणि ते हवा आत ओढत होतं, पाण्यातून वर आलेला माणूस ओढतो तशी. बराच वेळ ओढत राहिलं. मग शिट्टी थांबली. आणि मी तिथं आकडा हातात धरून उभी असताना माझ्या मागं इंजिनाचा आवाज खाली आला, सरळ झाला आणि बसला.

शेठ खालून बाहेर आला. ह्यांनी हळूच पाय उचलला. इंजिन चालतच राहिलं.

एवढं अर्धं मिनिट मला मिळालं होतं. गप्प बसले असते तर देवाची कृपा म्हणून खपलं असतं. पण आठ महिने हा माणूस दारोदार हिंडला होता आणि शेवटी स्वतःच्या पायाला दोष देऊन बसला होता. मी केबिनखाली जाऊन ओरडले, "अहो, माझ्यामुळं झालं! माझ्या कुंकवानं भोक बुजलं होतं!"

शेठला लगेच कळलं. डिझेल जसं संपतं तशी टाकीत हवा शिरायला हवी, त्यासाठी ते भोक. ते बंद झालं की टाकी आतून आवळून धरते, डिझेल सोडत नाही, आणि जुन्या जोडांतून इंजिन हवा ओढतं. झाकण उघडलं की हवा शिरते आणि सगळं ठीक. दर मेस्तरी सगळ्यात आधी काय करायचा? डिझेल बघायला झाकण उघडायचा. आजार तिथंच पळायचा, आणि मग जो जे करेल त्याला वाटायचं, आपणच बरा केला. गेल्या दसऱ्याला जुनं झाकण हरवलं म्हणून हे नवीन आणलं होतं. जुन्याचं भोक कडेला होतं, ह्याचं नेमकं मधे. आणि कुणी ती पापडी काढली नाही, कारण कुंकवाला कोण हात लावणार? मला आता आठवलं, दामूनंसुद्धा झाकण कडेनं धरलं होतं, कुंकू पुसू नये म्हणून.

हे खाली उतरले. झाकण बघितलं, माझ्या हातातला आकडा बघितला. मी वाट बघत होते, की आता तळपायाची आग मस्तकात जाईल.

"परत बुजीव," ते म्हणाले.

"काय?"

"काल बी बरी झालती. मला आता असं तसं पटायचं न्हाई. बुजीव."

शेठच्या मोरीवरून साबणाचा तुकडा आणून मी ते भोक माझ्या हातानं बंद केलं. आम्ही निघालो. कळंबोलीच्या त्या रस्त्यांवरून, लोखंडाच्या ट्रेलरांमधून, तासभर गोल गोल. माझी भीती आता उलटी होती. तासाभरानं बाटली वाजली आणि मला आनंदानं रडू आलं. आवारात परत येऊन, ट्रक गदगदा हलत असताना, ह्यांनी माझ्याकडं हात पसरला. मी आकडा दिला. त्यांनी साबण टोचला आणि कान टाकीला लावला. शिट्टी सरेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते, आणि सरल्यावर, इंजिन बसल्यावरसुद्धा.

मग दामूला फोन लावला. पलीकडून आधी शिव्या ऐकू आल्या, सगळ्या स्वतःला दिलेल्या. "मी त्या झाकनाच्या पाया परलू काल! हात लावून कपालाला लावला!"

शेठ म्हणाला, "काका, पण आपलं बोलणं झालं होतं."

"झालतं," हे म्हणाले. "पर शेठ, शबुद आजारी गाडीचा दिलता. ही आजारी न्हाई."

शेठनं इंजिनाकडं बघितलं, हसला आणि आम्हाला चहा सांगितला. चहा पिताना ह्यांनी चप्पल काढून उजवा पाय पुढं घेतला आणि बघत बसले. मला राहवेना. "बोला की काहीतरी! एवढं नुकसान केलं मी, शिव्या तरी द्या."

"ह्ये पायाला कळनारं न्हवतंच," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, पायाशीच बोलल्यासारखे. "चांगला पाय असता तरी कळलं नसतं."

"पण पाय दाखवायचा. साताऱ्याला, मोठ्या डॉक्टरला. दाखवल्याशिवाय पुढची खेप नाही," मी म्हटलं.

"दावतो," ते म्हणाले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्याच बोलण्याला.

निघायची वेळ झाली. हे वर चढून बसले, चावी फिरवली. सवयीनं मी करंडा उघडला, बोट बुडवलं आणि तशीच उभी राहिले. टाकीकडं जायची हिंमत होईना, आणि बोटावरचं कुंकू परत करंड्यात टाकणंही बरं वाटेना. ह्यांनी वरून बघितलं. आजवर चार माणसांत माझा हात न धरलेला हा माणूस. त्या भर आवारात, शेठ आणि त्याची माणसं बघत असताना, त्यांनी टोपी काढली आणि खिडकीतून डोकं खाली केलं.

"हितं लाव," ते म्हणाले. "हितं बुजायला भोक न्हाई."

मी टाचा उंचावून लावलं. जरा जास्तच लावलं.